अलमट्टीवरनं माझीच उलटतपासणी घेणाऱ्या तात्यांना

तात्या नमस्कार,

हे वाचून तुम्ही "कशाला रे एवढं" म्हणणार म्हाईत आहे, पण थँक्यू सगळ्यांसमोरच म्हणायचं होतं.

कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची ५१९.६० वरनं ५२४.२५६ मीटर करू नये, त्यानं आपल्या सांगलीकडं कृष्णेचा पूर वाढतो, यावर बैठकीत बोलायचं म्हणून चार पानं लिहून आलो होतो. पाटबंधारे खात्यात जन्म गेलेला माणूस, आकडे तेवढे तपासून देईल, एवढीच अपेक्षा. तर तुम्ही पानं बाजूला ठेवलीत आणि म्हणालात, "आधी कर्नाटकचा वकील हो, मग बघू." जमेना. तुम्ही हट्टच धरलात, मग बोलत गेलो, की २०१९ ला कोयना वारणा सगळीकडं पाऊस एकदमच कोसळला, नदीकाठची बांधकामं आपलीच, त्या पुराचा अभ्यास केलेल्या वडनेरे समितीनं अलमट्टीवर खापर फोडलेलं नाही, आणि अलमट्टी व्हायच्या आधी काय कृष्णेला पूर येत नव्हते? बोलत मीच होतो आणि पटत पण मलाच होतं, लई विचित्र वाटलं राव.

नंतर पेन्सिल दिलीत. प्रत्येक वाक्यापुढं लिही, कागदावर आहे का कुणाकडनं ऐकलंय का तुला वाटतंय. सांगलीच्या आयर्विन पुलाची धोका पातळी ४५ फूट, २०१९ ला पाणी ५७ च्या वर, हे कागदावर. पण पाणी चढलं यातनं ते कुणामुळं चढलं हे निघत नाही, आणि माझी दोन पानं नेमकी तिथनंच उडी मारत होती. (काकूंचं भडंग मी तेवढ्यात संपवलं, त्याबद्दल वेगळं थँक्यू.)

विरोध माझा आजही आहे, फक्त आता बैठकीत "आम्हाला कुणी बुडवलं" असं न विचारता मी विचारलं की उंची वाढली तर फुगवटा, म्हणजे धरणामागं नदीत तुंबणारं पाणी, कुठवर येणार, पूर ओसरायला किती उशीर लागणार, आणि ऑगस्टमधी धरण किती भरायचं हे दोन्ही राज्यं मिळून ठरवणार का. पलीकडच्या मताचे एक इंजिनियर होते, त्यांनी मधी एकदाही तोडलं नाही, उलट शेवटी वही काढून फुगवट्याचाच मुद्दा लिहून घेतला.

आता कोयनेच्या विसर्गावर लिहितोय. रविवारी येतो. ह्यावेळी उलट बाजू आधीच लिहून आणतो, त्यात काय राहिलंय तेवढं बघा, आणि भडंग मी आणतो.

तुमचा,
वरच्या गल्लीतला