पोस्टमॉर्टेमच्या आधीच 'भुलीचा डोस जास्त'?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ऑपरेशन टेबलवर कुणी दगावलं की दुसऱ्या दिवशी पेपरात ठरलेली ओळ, 'भुलीचा डोस जास्त झाल्याने मृत्यू', पोस्टमॉर्टेम व्हायचं असतं तरी. पंचवीस वर्षं तालुक्याच्या गावी भूल देतोय, म्हणून लिहावंसं वाटलं.

सेवोफ्लुरेन, आयसोफ्लुरेन हे आमचे रोजचे गॅस. त्यांनी बीपी उतरतंच, तो त्या औषधाचा गुणच आहे, रक्तवाहिन्या सैल पडतात आणि प्रेशर खाली येतं. १३० चं ९५ झालं की आम्ही गॅस कमी करतो, सलाईन सोडतो, लागलंच तर मेफेन्टरमिन हे बीपी चढवणारं इंजेक्शन देतो. निम्मं काम हेच असतं हो, झोपवणं सोपंय. आम्ही शिकलो तो हॅलोथेन मात्र वेगळाच, तो थेट हृदयाचा पंपच ढिला करायचा, ठोके मंदावायचे आणि त्यात सर्जनने अॅड्रेनलिन टोचलं की ठोके बेतालसुद्धा व्हायचे. डेस्फ्लुरेनचं तिसरंच, डायल झटकन वाढवला की बीपी उलटं चढतं.

आता गंमत बघा. २८ जानेवारी १८४८ ला इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर ही १५ वर्षांची मुलगी पायाचं नख काढताना क्लोरोफॉर्मने गेली. हृदय आधी थांबतं की श्वास, यावर डॉक्टर लोक वर्षानुवर्षं भांडले, निजामाच्या पैशातून आपल्या हैदराबादेत १८८८ आणि १८८९ ला दोन कमिशन बसली, त्यांनी सांगितलं की श्वास आधी थांबतो, हृदयाची काळजी नको. १९११ ला लेव्ही नावाच्या डॉक्टरने दाखवलं की नाही, अर्धवट भुलीत हृदयच फडफडून बंद पडू शकतं. एवढ्या लोकांना साठ वर्षं लागली, तुमच्या वार्ताहराला एक रात्र पुरते!

चुका आमच्याही होतात, नाही असं म्हणत नाही, चौकशी जरूर व्हावी. पण छापण्याआधी पेशंटला आधीचा काय आजार होता, गोळ्या कुठल्या चालू होत्या एवढं तरी विचारा. टेल्मिसार्टन, रामिप्रिलसारख्या बीपीच्या गोळ्यांवर भूल दिली की बीपी जास्तच घसरू शकतं, म्हणून त्या बऱ्याचदा आदल्या दिवशी थांबवतो, मेटोप्रोलॉल ही बीपीचीच दुसरी गोळी मात्र चालूच ठेवतो. पण सांगतंय कोण? मागे एक आजोबा ठामपणे म्हणाले बीपी नाही, आणि सदऱ्याच्या खिशातून टेल्मिसार्टनची पट्टी निघाली. विचारलं तर म्हणे, "गोळी घेतो ना रोज, मग बीपी कुठंय?"

आपला,
एक भूलतज्ज्ञ