सुन्यास पत्र: आप्पांची केस आणि खर्चाचा हिशोब

सांगली
१४ डिसेंबर २०२५

काय लका सुन्या,

तुझा तो बावीस मिनिटांचा व्हॉइस मेसेज मी दोन हप्त्यांत ऐकला, अर्धा मारुती चौकात गाडी साइडला लावून आणि अर्धा रात्री सगळी झोपल्यावर, आणि म्हणलं याला आता मेसेज नको सरळ लांबलचक पत्रच लिहू, नाहीतर तू परत म्हणशील की मी नुसता अंगठा दाखवतो. तात्या-काकू बरे आहेत. परवा हरिपूरला संगमावर गेलतो तेव्हा येताना तुमच्या घरी डोकावलो, काकूंनी चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही. तात्यांचा गुडघा अजून कुरकुरतोय पण डॉक्टरकडं जायचं नाव काढत नाहीत.

आता मुद्द्याचं. तू म्हणालास तिकडं इंग्लंडात तुमच्या ओळखीतल्या एकानं माहिती अधिकारात, एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनलच्या म्हणजे नोकरीच्या तक्रारींच्या कोर्टाच्या पॅनेलवर, ते जज्जच्या बाजूला बसणारे दोन मेंबर असतात त्यांच्या मानधनावर वर्षाला किती पैसा जातो असं विचारलं, आणि उत्तर आलं की ही माहिती गोळा करायचा खर्चच मर्यादेच्या बाहेर जातोय, सबब देता येत नाही. आणि तू हसत होतास. मला हसू आलं नाही रे, कारण हेच उत्तर, शब्द वेगळे, मला इकडं तीन वर्षांपूर्वी मिळालंय. तुमच्याकडं निदान मर्यादा आकड्यात लिहिलेली आहे, सरकारी खात्याला ६०० पौंड, तासाला २५ पौंड धरून २४ तासांचं काम, त्याच्यावर गेलं की नाही म्हणायची मुभा. आपल्या माहिती अधिकार कायद्यात असा आकडा नाही. आपल्याकडं कलम ७(९) दाखवतात, की मागितलेल्या नमुन्यात माहिती द्यायची तर कार्यालयाची साधनसामग्री वाजवीपेक्षा जास्त वळवावी लागेल. आता त्या कलमाचा अर्थ एवढाच आहे की या नमुन्यात जमत नसलं तर दुसऱ्या नमुन्यात द्या, पण पत्र असं लिहितात की वाचणाऱ्याला वाटावं दार बंद झालं. गंमत म्हणजे दोन्ही कायदे एकाच वर्षी लागू झालेत, तुमचा १ जानेवारी २००५ ला आणि आपला १२ ऑक्टोबरला. एका वयाची पोरं, सवयी पण सारख्याच.

तुला आप्पांची केस माहितीय पण मधलं सगळं तू गेल्यावर घडलं म्हणून सांगतो. आप्पा पाण्याच्या टाकीवर व्हॉल्व्हमन होते, रोजंदारीवर, तेरा वर्षं. वर्षात २४० दिवस भरू नयेत म्हणून मधी मधी ब्रेक द्यायचे, मस्टरवर नाव बदलायचे, हे तेव्हा सगळीकडंच चालायचं. जून २०११ ला एके दिवशी उद्यापासून येऊ नका म्हणाले, ना नोटीस ना भरपाई. संस्थेचं नाव लिहीत नाही, तुला माहितीय आणि बाकी कुणाला कळून उपयोग नाही. आप्पांनी ९० दिवसांच्या आत कामगार न्यायालयात यूएलपी टाकली, ती १९७१ च्या कायद्याखालची अनुचित कामगार प्रथेची तक्रार असते ना ती, आणि तिथनं जी गाडी निघाली ती अजून स्टेशनला लागली नाही. २०१८ ला निकाल आप्पांच्या बाजूनं, कामावर घ्या, नोकरीची सलगता द्या, निम्मा मागचा पगार द्या. संस्थेचे लोक रिव्हिजनमध्ये, म्हणजे निकाल परत तपासून घ्यायला, औद्योगिक न्यायालयात गेले, तिथं २०२० ला हरले. मग रिट याचिका घेऊन हायकोर्टात मुंबईला, तिथं निकालाला स्थगिती. तोवर आप्पांना अठ्ठावन्न पूर्ण झाली म्हणजे कामावर घ्यायचा विषयच संपला, राहिला नुसता पैसा आणि तो एक शब्द, सलगता.

निम्मा मागचा पगार म्हणजे किती सांगू? तेव्हा हजेरी दीडशे रुपये होती. महिन्याला सव्वीस दिवस धर, ३,९०० रुपये. सात वर्षांचे झाले ३,२७,६००, त्याचे निम्मे १,६३,८००. बास. एवढ्यासाठी मुंबई हायकोर्ट.

एकदा रात्री जेवताना मी सहज म्हणलं की आप्पा, यांनी तुमच्याशी भांडायला तुमच्या पगारापेक्षा जास्त पैसा घातला असणार बघा. आप्पा म्हणाले, "असणार म्हणू नको. बघून ये." आता आप्पांचं तुला माहितीय, टाकीवर पण पाणी किती आलं हे डोळ्यानं बघितल्याशिवाय वहीत लिहायचे नाहीत.

मग मी माहिती अधिकारात अर्ज केला. पहिला अर्ज तीन पानी लिहिला, त्यात आप्पांची कहाणी, अन्याय, घटना, सगळं घातलं, आणि तो परत आला. महाराष्ट्राच्या नियमात २०१२ पासून अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयाचा पाहिजे, हे मला माहीतच नव्हतं. कारण सांगायची पण गरज नसते रे, कलम ६(२), तुम्हाला माहिती कशाला पाहिजे हे कुणी विचारू शकत नाही, आणि मी येडा तीन पानं कारणच लिहीत बसलेलो. दुसरा अर्ज चार ओळींचा: सदर प्रकरणात २०११ पासून वकील फी, प्रवास व इतर यावर झालेला एकूण खर्च. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प चिकटवलं आणि दिलं.

तिसाव्या दिवशी उत्तर. प्रकरणनिहाय खर्चाची माहिती या कार्यालयात ठेवली जात नाही, आणि सुप्रीम कोर्टाच्या २०११ च्या निकालाप्रमाणे नसलेली माहिती तयार करून देणं बंधनकारक नाही. खरं सांगू, मी लय तापलो. म्हणलं हे लपवतायत. पहिलं अपील केलं, वीस रुपयांचं स्टॅम्प, आणि तिथल्या साहेबांनी जरा बरी वाट दाखवली की बाबा एकूण आकडा नाही पण कागद आहेत, अभिलेख पाहणी माग, येऊन बस आणि बेरीज तूच कर.

तर सुन्या, मी चार शनिवार रजा टाकून, नाही चुकलो, शनिवारी कुठलं ऑफिस, चार मंगळवार रजा टाकून तिथं बसलो. पहिला तास फुकट असतो पाहणीचा, नंतर थोडे पैसे. पहिल्या दिवशी तिथला क्लार्क माझ्याकडं असा बघत होता की मी आत्ता खिशातनं पावती पुस्तक काढून सेटलमेंट मागणार. त्याची पण चूक नाही, आपल्याकडं माहिती अधिकारवाला म्हणलं की लोकांच्या डोळ्यासमोर जे ध्यान येतं ते तुला माहितीय, काही लोकांनी धंदाच केलाय त्याचा आणि त्यापायी खरं काम असणाऱ्याला पण चहा विचारत नाहीत. दुसऱ्या मंगळवारी मी घरनं भडंग नेलं, मग जरा माणसात आला.

आणि तिथं बसल्यावर माझ्या डोक्यातलं लपवतायत हे हळूहळू उतरलं. त्या क्लार्कला खरंच माहीत नव्हतं. वकिलाचं देयक हिशोबाच्या एका शीर्षात म्हणजे रकान्यात पडतं, कायदेविषयक खर्च. गाडीचं डिझेल वाहन विभागाच्या शीर्षात. दोन माणसं मुंबईला गेली त्यांचा टीए डीए म्हणजे प्रवासखर्च आणि भत्ता आस्थापना विभागात. झेरॉक्स, टायपिंग, कोर्ट फी, हे सगळं सादिलमध्ये म्हणजे किरकोळ खर्चात, आणि सादिलमध्ये झाडूपासून हारतुऱ्यापर्यंत सगळं असतं. चार खात्यांत चार वह्या, आणि या चारीतल्या एका पण वहीत आप्पांचं नाव नाही, केस नंबर कुठं असला तर पेन्सिलनं प्रमाणकाच्या म्हणजे व्हाउचरच्या कोपऱ्यात. म्हणजे पंधरा वर्षांत एका पण साहेबानं असा प्रश्नच विचारला नाही की बाबा ही केस लढायला आपल्याला काय पडलं आणि मिटवली असती तर काय पडलं असतं. पुढं अपील करायचं का नाही हे ठरवायला वकिलाचं मत मागवलेलं फाईलला आहे, दीड पान. पैशाचा शब्द नाही त्यात. ज्याला फी मिळणार त्यालाच विचारायचं लढू का, तो काय नको म्हणणाराय?

आणि वर पूर. २०१२ ते २०१५ ची प्रमाणकं मागितली तर म्हणाले २०१९ च्या महापुरात तळमजल्यावरची कपाटं पाण्यात होती, नष्ट झाली. त्या ऑगस्टमध्ये सांगलीत काय झालं ते तू व्हिडिओ कॉलवर बघितलंयस, आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलतं, त्यामुळं खोटं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण त्याच कपाटातली ठेकेदारांची बिलं वरच्या मजल्यावर वाळवून ठेवलेली मी स्वतः बघितली, त्यांना पाणी लागलंच नाही असं नाही, त्यांना कुणीतरी उचललं. या चार वर्षांसाठी मी दुसरं अपील केलंय राज्य माहिती आयोगाच्या पुण्याच्या खंडपीठाकडं. दंड मागितलेला नाही, दिवसाला २५० आणि जास्तीत जास्त २५,००० असतो तो, पण तो बसणार त्या बिचाऱ्या क्लार्कच्या पगारावर. त्यानं काय केलंय.

बेरीज सांगतो. पुरात गेलेली चार वर्षं सोडून, जे कागद हातात आले त्यांची: १,७१,३५०.

आप्पांचे १,६३,८००.

यात साहेबांचा पगार धरलेला नाही, ऑफिसातनं दोन माणसं दर तारखेला कोर्टात बसून असायची त्यांचे दिवस धरलेले नाहीत. आणि कोर्टाचा खर्च तर धरायचाच कसा. मी रोजनाम्याच्या, म्हणजे कोर्टात दर तारखेला लिहितात त्या नोंदींच्या, नकला काढल्या, खालच्या कोर्टात एकूण ६१ तारखा, त्यातल्या चौदा तारखांना काहीतरी झालं, बाकी वेळ मागितला, वकील गैरहजर, साहेब रजेवर. प्रत्येक तारखेला जज्ज, शिरस्तेदार, स्टेनो, पट्टेवाला, लाईट, फॅन हे सगळं जनतेच्या पैशावरच चालू ना. राज्याच्या बजेटात कामगार आणि रोजगार हे मुख्य लेखाशीर्ष २२३०, ते उघडून बसलो एका रात्री, एका तारखेला सरकारला काय पडतं ते काढू म्हणलं. पण पुस्तकात कोटी आणि लाख असतात, तारीख नसते. तुमच्या त्या पॅनेलवाल्यांचं पण हेच झालं असणार बघ, मानधन प्रत्येक दिवसाचं दिलेलं असतं, दिल्याचा कागद पण असतो, पण बेरजेचा रकाना आखलेलाच नसतो.

अजून एक. तू म्हणालास तिकडं नोकरीवरनं काढल्याच्या केसेस २०१२ पासून जज्ज एकटाच ऐकतो, मेंबरांचा खर्च वाचवायला. आणि मधी २०१३ ला कामगाराकडनंच फी घ्यायला लागलेले, मोठ्या केसला सगळी मिळून १,२०० पौंड, ती २०१७ ला तिकडच्या सुप्रीम कोर्टानं बेकायदा ठरवली. इकडं कामगाराकडनं अशी फी घेत नाहीत, इकडं वर्षं घेतात. आता गंमत बघ, तुम्ही मेंबर कमी करताय आणि आपण वाढवतोय. २१ नोव्हेंबरपासून नवीन औद्योगिक संबंध संहिता लागू केलीय, त्यात ट्रायब्युनलवर दोन मेंबर, एक न्यायिक आणि एक प्रशासकीय, कामावरनं काढल्याच्या केसेस दोघांनी मिळून ऐकायच्या. पण तुमच्याकडचे बाजूचे दोघे म्हणजे एक मालकांच्या यादीतला आणि एक कामगारांच्या यादीतला. आमचा दुसरा मेंबर सहसचिव दर्जाचा म्हणजे साहेबच. कामगारांतला कोण नाही. आप्पांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे खुर्ची वाढली." मला विचारशील तर खर्च वाढला तरी चालेल, तारखा कमी होणार असतील तर, पण मग पहिल्या दिवसापासनं केसमागं काय पडलं ते लिहायला चालू करा की, आत्ता कोरी वही आहे तवर.

तुझ्या त्या माणसाला एक सांग. एकूण आकडा मागूच नको म्हणावं. एक ऑफिस धर, एक महिना धर, आणि त्या महिन्यात मेंबरांना दिलेल्या मानधनाचे कागद माग, २४ तासांच्या आत बसेल एवढंच. मग साठ कामाचे दिवस जाऊ दे आणि पुढच्या महिन्याचं माग, नाहीतर दोन्ही अर्जांचं काम एकत्र धरतात. बेरीज आपण करायची, आपल्याला कुठं घाई आहे.

आता शेवटचं. ऑगस्टपासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच चालू झालंय, सांगली साताऱ्याच्या केसेस आता तिथं, त्यामुळं आप्पांचं रिट पण मुंबईहनं कोल्हापूरला आलं. जानेवारीत तारीख आहे. आप्पा पहिल्यांदा हायकोर्ट बघणार, मुंबईला आम्ही त्यांना कधी नेलंच नाही, परवडायचं नाही. वकील म्हणाले माझी बेरीज कोर्टात चालेल का नाही सांगता येत नाही पण तडजोडीच्या बोलण्यात टेबलावर ठेवू.

मी सगळ्या प्रमाणकांच्या झेरॉक्स आणल्या, दोन रुपये पान, आणि आप्पांच्या पुढं ठेवल्या. मला वाटलं बेरीज बघून भडकतील. त्यांनी एकूण आकड्याकडं बघितलंच नाही, एक एक कागद उलटत गेले आणि एका डिझेलच्या बिलावर थांबले. सांगली मुंबई सांगली, २०२२, त्या दिवशी केस बोर्डावर आली नव्हती. खाली ड्रायव्हरची सही. आप्पांचा टाकीवरचा जोडीदार, नंतर गाडीवर लागलेला, आपल्या लग्नात वाढायला होता बघ तो. आप्पा चष्मा वर करून बराच वेळ सही बघत बसले आणि मला म्हणाले, "बाबूला त्या दिवशीचा जेवणाचा भत्ता दिलाय का बघ की त्यात."

दुसऱ्या शीर्षात असणार, शोधतोय.

काकूंकडं तुझ्यासाठी दोन किलो भडंग दिलंय, पुढच्या महिन्यात तुमचा तो पुण्याचा पाहुणा येणाराय त्याच्याबरोबर येईल. आणि त्या माणसाला आलेल्या उत्तराचा फोटो पाठव, नाव झाकून, आप्पांना इंग्लंडचं नकाराचं पत्र कसं असतं ते बघायचंय.

तुझाच,
पम्या