आमच्या आत्याच्या गालातल्या पेशी कुठे आहेत, साहेब?

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
कर्नाटक राज्य, विधानसौध, बेंगळूरु.

विषय : बेळगाव जिल्ह्यात मराठी माणसांवर होणारं वैद्यकीय संशोधन आणि त्यांच्याकडून घेतला जाणारा संमतीचा कागद.

साहेब, स. न. वि. वि.

मी निपाणीचा. मराठी माध्यमाच्या शाळेत 28 वर्षं विज्ञान शिकवलं, आता निवृत्त आहे. हे पत्र सीमाप्रश्नाबद्दल नाही, हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्याकडून मराठीत कागद आला की तिकडे पहिला अर्थ तोच लावतात. तो दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तो तिथे राहू दे. मला बोलायचंय ते आमच्या आत्याच्या तोंडाबद्दल आणि गुडघ्यांबद्दल.

आत्याने आयुष्यभर विड्या वळल्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि ओली करून कापलेली तेंदूची पानं, आणि हजार विड्यांवर मजुरी. सकाळी बसली की दुपारी भाकरीला उठायची, ती पण हाताने भिंत धरून. निपाणीत अशी आत्या घराघरात सापडेल. 1981 साली तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी इथेच महामार्ग अडवला आणि गोळ्या झेलल्या, ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच तंबाखूची धूळ वखारीत आणि ओसरीवर बसून ज्या बायकांनी नाकातोंडात घेतली, त्यांची गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. म्हणून रिक्षावरून पुकारा झाला की 'विडी कामगार महिलांची मोफत तपासणी', तेव्हा मीच आत्याला म्हटलं, चल.

तपासणी एका मंगल कार्यालयात होती. मी गाडी लावून आत येईपर्यंत आत्याचा अंगठा उमटून झाला होता. कागद दोन भाषांत होता, कन्नड आणि इंग्रजी. मला दोन्ही वाचता येतात. आत्याला एकही येत नाही, आणि मराठीसुद्धा ती फक्त बोलते. साक्षीदाराच्या रकान्यात तिथल्याच कुणाची तरी सही होती. शेवटून दुसरी ओळ अशी होती की उरलेले नमुने पुढच्या संशोधनासाठी ठेवायला माझी हरकत नाही. मी आत्याला विचारलं, काय सांगितलं गं तुला? म्हणाली, "दाताचं हाय म्हनं. अंगठा दे म्हनली, दिला."

कागदाची एक प्रत मागितली. प्रती संपल्या होत्या.

तपासणाऱ्या मुलीबद्दल माझी काही तक्रार नाही. शिकाऊ डॉक्टर, पलीकडच्या कुठल्या तरी जिल्ह्यातली, गोड पोरगी. सकाळपासून उभी होती आणि तरी प्रत्येक म्हातारीला हाताला धरून खुर्चीत बसवत होती. ती आत्याला म्हणाली, "बायि तगीरि." कन्नडमध्ये बायि म्हणजे तोंड, तोंड उघडा असं ती सांगत होती. आत्याला वाटलं आपल्याला बाई म्हणून हाक मारली, म्हणून ती नुसतीच कौतुकाने हसत राहिली. मग मी सांगितलं आणि तिने आ केला. तेव्हा सगळेच हसलो. पुढचं मात्र हसण्यासारखं नव्हतं.

फॉर्मवर प्रश्न होता, तंबाखू खाता का? पोरीने मोडक्या मराठीत विचारला. आत्या म्हणाली, "न्हाई." आणि ती खोटं बोलत नव्हती. आत्या तंबाखू खात नाही. ती मिश्री लावते. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, हाताने चुरायची, डबीत भरायची, सकाळी उठल्या उठल्या बोटाने दाताला आणि हिरड्यांना घासायची आणि मग तो काळा घास गालात धरून अर्धा तास अंगण झाडायचं. मिश्रीशिवाय पोट साफ होत नाही, असं तिची आई सांगायची, तिच्या आईचीही आई सांगायची. आमच्याकडच्या बाईला विचारायचं तर 'मिश्री लावता का' असंच विचारावं लागतं. 'खाता का' म्हटलं की उत्तर नाही असंच येणार. मी मध्ये तोंड घालेपर्यंत पान उलटलं होतं.

याचा परिणाम काय होतो, तो मी विज्ञानाचा मास्तर म्हणून सांगतो. त्या पोरीने एका छोट्या ब्रशने आत्याच्या गालाच्या आतून पेशी घासून घेतल्या. हा प्रयोग आम्ही शाळेतही करायचो, काडीने गाल हळूच खरवडायचा, काचपट्टीवर एक थेंब मिथिलिन ब्लू, आणि सूक्ष्मदर्शकात पेशी आणि तिचं केंद्रक स्वच्छ दिसतं. संशोधक त्याच पेशींत आणखी काही शोधतात. पेशी दुभंगताना एखादं गुणसूत्र तुटलं किंवा मागे राहिलं की त्याचा तुकडा मुख्य केंद्रकात न जाता शेजारी छोट्या ठिपक्यासारखा राहतो. त्याला सूक्ष्मकेंद्रक म्हणतात. गालाच्या अस्तराच्या तळाशी पेशी तयार होतात आणि एक ते तीन आठवड्यांत वर पृष्ठभागावर येतात, म्हणजे आज खरवडलेली पेशी गेल्या काही आठवड्यांत तळाशी काय घडलं त्याची नोंद घेऊन येते. हजार, दोन हजार पेशी मोजायच्या आणि त्यांत असे ठिपके किती ते लिहायचं. सुरी नाही, सुई नाही, फार सुंदर पद्धत आहे.

पण आत्याच्या काचपट्टीवर चिठ्ठी लागली 'तंबाखू सेवन नाही' अशी. आता तिच्या पेशींत ठिपके जास्त निघाले तर तो दोष सगळा विड्या वळण्याच्या धुळीवर जाणार, मिश्रीचा त्यात पत्ताच नाही. आणि तंबाखू न वापरणाऱ्यांच्या रांगेतच सगळ्या मिश्रीवाल्या बसल्या असतील, तर तंबाखू घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या बायकांत फरक दिसेनासा होईल. कुणी तरी त्यावर प्रबंध लिहील, कुणी तो तपासेल, आणि निपाणीच्या बायकांबद्दल एक चुकीची गोष्ट छापून येईल. एका क्रियापदाने घात केला, साहेब.

गुडघ्यांचंही तसंच. फरशीवर रंगीत चिकटपट्टी लावून वाट आखली होती. आत्याच्या घोट्यावर आणि गुडघ्याखाली पांढऱ्या गोल टिकल्या चिकटवल्या, लुगडं पोटरीपर्यंत वर खोचायला लावलं आणि एक मुलगा बाजूने मोबाईलवर चित्रण करत गेला. चालीचा अभ्यास असाच करतात, यात गैर काही नाही. निरोगी माणसाच्या एका पावलाच्या फेऱ्यात पाय साधारण 60 टक्के वेळ जमिनीवर टेकलेला असतो आणि 40 टक्के वेळ हवेत. गुडघा दुखायला लागला की हे गणित बिघडतं, आणि ते डोळ्यांपेक्षा कॅमेऱ्याला आधी कळतं. मग खुर्चीची चाचणी झाली. खुर्चीतून उठायचं, 3 मीटर चालायचं, वळून परत यायचं, बसायचं, आणि किती सेकंद लागले ते घड्याळावर पाहायचं. ही चाचणी 1991 साली कॅनडात तयार झाली आणि जगभर चालते. आत्याने ती झक्कास पार केली. वेळ बघून मुलगा खूश झाला.

आत्याच्या घरात खुर्ची नाही. ती जमिनीवर बसते, जमिनीवर जेवते, जमिनीवर झोपते, आणि तिचा सगळा त्रास आहे तो जमिनीवरून उठण्याचा. चौकट धरून, दोन हिसके देऊन, तोंडाने 'आई गं' म्हणत उठते. त्या उठण्याचा रकाना फॉर्मवर नव्हता. दुखणं शून्य ते दहात सांगा म्हटल्यावर आत्या म्हणाली, "मांडी मोडली की कळ येतीया, उठलं की चमक मारतीया, रात्री नुसतं ठनकतंया." कळ वेगळी, चमक वेगळी, ठणका वेगळा. फिजिओथेरपीवाल्याला या तीन शब्दांतून सांधा, नस आणि सूज यांचा काहीतरी माग काढता आला असता. पोरीने लिहिलं, नोवु, 6. नोवु म्हणजे दुखणं. सगळं दुखणं एका सहात गेलं.

मला सगळ्यात जास्त लागलंय ते मात्र पुढचंच. तोंड तपासताना फॉर्मवर एक जबड्याचं चित्र होतं. पोरीने आत्याच्या उजव्या गालाच्या जागी, खाली हिरडीजवळ, एक रेघोट्यांचा ठिपका काढला आणि छोट्या पट्टीने माप लिहिलं. मी तो ठिपका या डोळ्यांनी पाहिलाय. दातांवरचा डाग असेल असं समजून मी गप्प बसलो. ते माझं चुकलं, मी विचारायला हवं होतं. 7 महिन्यांनी आत्याची दाढ हलायला लागली म्हणून कोल्हापूरला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गाल ओढून पाहिलं आणि आधी दाढेचं नावच काढलं नाही. आत पांढरा चट्टा होता, बोळ्याने पुसून न जाणारा, मिश्रीचा घास धरते नेमक्या त्याच जागी. तुकडा तपासायला पाठवला. कर्करोग नाही निघाला. पण पेशी बिघडायला सुरुवात झालीय, मिश्री आजच्या आज बंद, दर 3 महिन्यांनी दाखवायला या, असं त्यांनी बजावलं. सवय सुटली तर असे चट्टे बऱ्याचदा मागे हटतात, असंही म्हणाले. मग विचारलं, "हे आधी कुणी पाहिलं नव्हतं का?"

पाहिलं होतं ना. मापसुद्धा घेतलं होतं. 7 महिने ते माप कुणाच्या तरी फायलीत होतं आणि इकडे आत्या रोज सकाळी डबी उघडत होती.

साहेब, नियम नाहीत असं नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची 2017 ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं आहेत. सहभागी माणसाला कळेल अशा भाषेत माहिती द्या, लिहितावाचता येत नसेल तर निःपक्ष साक्षीदार ठेवा, माहितीपत्रक आणि संमतीची प्रत त्याच्या हातात द्या, हे सगळं त्यांत आहे. प्रत्येक संस्थेच्या नैतिकता समितीवर समाजातला एक सामान्य माणूस असलाच पाहिजे, हेही आहे. 2019 च्या औषधचाचणी नियमांनी या समित्यांना केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदणी करायला लावली. आणि बेळगाव काही आडगाव नाही. इथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, खासगी अभिमत विद्यापीठ आहे, पारंपरिक औषधांवर काम करणारी केंद्राची संशोधन संस्था आहे. दरवर्षी पदव्युत्तर मुलांचे प्रबंध होतात, आणि त्यांना माणसं लागतात ती निपाणीची, खानापूरची, बेळगावच्या गल्ल्यांतली. यातली कितीतरी घरात मराठी बोलतात.

मराठीत ही भाषा करायची कशी, ही शास्त्रीय भाषा आहे, असं मला एका प्राध्यापकांनी ऐकवलं. त्यांना मी माझ्या कपाटातलं पुस्तक दाखवलं. मराठी माध्यमाचं विज्ञानाचं पाठ्यपुस्तक, कर्नाटक सरकारनेच छापलेलं. त्यात पेशी आहे, केंद्रक आहे, गुणसूत्र आहे. आपलंच सरकार आमच्या नातवंडांना हे शब्द शिकवतं आणि त्यांच्या आजीच्या अंगठ्याखाली मात्र ते ठेवत नाही.

तर माझं मागणं एवढंच आहे. बेळगाव जिल्ह्यात माणसांवर कुठलंही संशोधन मंजूर करताना मराठी बोलणारे लोक त्यात येणार असतील, तर मराठी माहितीपत्रकाशिवाय मंजुरी देऊ नये, असा लेखी आदेश आपल्या खात्याने सरकारी महाविद्यालयांना आणि राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाला द्यावा. अभिमत विद्यापीठांवर आपला थेट हुकूम चालत नसेल, पण पत्र तर जातं. समितीवरचा तो सामान्य माणूस मराठी जाणणारा असावा, विड्या वळणारी एखादी बाईच का असू नये, मिश्रीचा प्रश्न तिने पहिल्या बैठकीतच दुरुस्त केला असता. गुडघ्यांचा अभ्यास करणाऱ्यांनी खुर्चीबरोबर जमिनीवरून उठण्याचीही वेळ मोजावी. आणि तोंडात चट्टा, गाठ, न भरणारी जखम असं काही दिसलं तर प्रबंध पूर्ण होईपर्यंत वाट न बघता, त्याच दिवशी, त्या बाईला तिच्या भाषेत चिठ्ठी लिहून जवळच्या सरकारी दवाखान्यात पाठवावं. याला पैसे लागत नाहीत, एक छापील कागद लागतो. मराठी मसुदा मी फुकट तपासून देईन, व्याकरणासकट.

आत्याने मिश्री सोडून आता अडीच महिने झाले. डबीत लवंगा ठेवल्यात, तलफ आली की एक चघळते. सुरुवातीचे पंधरा दिवस घरात कुणाशी धड बोलत नव्हती. परवा मी हे पत्र लिहितोय म्हटल्यावर तिने एकच गोष्ट लिहायला सांगितली, ती तिच्याच शब्दांत देतो : "माज्या गालातलं न्हेलंय त्ये कुटं ठेवलंय, आन् माज्या पायाचा फिलम कोन कोन बगतंय, त्येवडं इचार."

उत्तर मराठीत आलं तर तिला वाचून दाखवीन. कन्नडमध्ये आलं तरी वाचून दाखवीन, मला येतं.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक,
निपाणी, जि. बेळगाव