न्यूझीलंडच्या नोटा कशा बघाव्यात

वेलिंग्टन

तीर्थरूप नानाकाकांस,
साष्टांग नमस्कार.

इथल्या नोटांबद्दल तुम्ही विचारलं होतंत. पुण्याला येणाऱ्या एका स्नेह्यांबरोबर ५ आणि १० डॉलरच्या कोऱ्या नोटा पाठवतो आहे. वरवर पाहिलं तर एका बाजूला माणूस आणि मागे पक्षी, एवढंच दिसेल. तुम्ही मात्र भिंग घेऊन पक्ष्याच्या आजूबाजूला बघा. तिथली झाडं, पाणी, डोंगर हे सगळं त्या पक्ष्याच्या राहत्या जागेचं आहे, आणि मला या नोटांचं खरं मोल त्यातच वाटतं.

पाचाच्या नारिंगी नोटेवर होइहो, म्हणजे पिवळ्या डोळ्यांचा पेंग्विन आहे. मागचा देखावा कॅम्पबेल बेटाचा. हे बेट मुख्य भूमीपासून सुमारे ७०० किलोमीटर दक्षिणेला, झोडपणाऱ्या वाऱ्यात आहे. शेजारी तिथलंच समुद्रशेवाळ आणि फुलझाड. पुढच्या बाजूला एडमंड हिलरी. त्यांच्यामागे एव्हरेस्ट शोधू नका, ते शिखर आओराकी, म्हणजे माउंट कुक आहे. हिलरींच्या हयातीतच त्यांचं चित्र नोटेवर आलं, आणि आपल्या देशाचाच डोंगर हवा हा आग्रह त्यांचा होता. त्याची दक्षिण धार त्यांनी १९४८ मध्ये सर केली होती.

दहाच्या निळ्या नोटेवर स्त्रियांच्या मताधिकाराच्या लढ्याच्या नेत्या केट शेपर्ड आणि पांढरी कॅमेलिया. १८९३ मध्ये इथल्या स्त्रियांना मताधिकार मिळाला. त्या लढ्यात पाठीशी उभ्या राहिलेल्या खासदारांना ही फुलं दिली गेली होती. मागे फिओ हे निळसर बदक. ते खळाळत्या, स्वच्छ नद्यांमध्येच राहतं. चोचीच्या टोकाला मऊ ओठासारखा पडदा असतो, त्याने दगडांवरच्या अळ्या खरवडून खातं. नदीकाठचं कियोकियो नेचंही चित्रात आहे.

वीसच्या नोटेवर राणी एलिझाबेथ आणि कारेआरेआ ससाणा. पन्नासवर माओरी नेते आपिराना ङाता आणि कोकाको पक्षी. या नोटेचं जंगल पुरेओराचं. १९७८ मध्ये तिथली तोड थांबवायला माणसं झाडांवर चढून बसली होती, कोकाकोचं घर वाचावं म्हणून. त्याच नोटेवर निळंशार अळिंबही आहे, तेवढ्यासाठी तरी ती नोट मिळवायला हवी. शंभरावर अणुशास्त्रज्ञ रुदरफर्ड, त्यांचं १९०८ चं नोबेल पदक, आणि मागे एग्लिंटन खोऱ्यातला पिवळ्या डोक्याचा मोहुआ. हा झाडाच्या ढोलीत घरटं करतो. बीच झाडांना भरपूर बी धरलं की उंदीर वाढतात, त्यांच्यामागोमाग स्टोट हे मुंगसासारखे शिकारी प्राणी वाढतात, आणि ढोलीत अंडी उबवणारी मादी त्यांच्या तावडीत सापडते.

आपल्या वीसच्या नोटेवर वेरूळ आहे, ती या नोटांच्या शेजारी ठेवून बघा. दोन देशांनी काय मिरवायचं ठरवलं, ते लगेच कळेल.

आता जपणुकीबद्दल. या नोटा प्लास्टिकच्या आहेत. पारदर्शक खिडकीतला होलोग्राम तिरका धरला की चकाकतो, आणि डावीकडच्या पक्ष्यावरून उजळ पट्टा सरकतो. मोठा आकडा बोटाला उठावदार लागला पाहिजे. उजेडासमोर धरल्यावर पुढचे-मागचे तुकडे जुळून पूर्ण आकडा दिसतो. नोट खिडकीवर कधीही दुमडू नका, ती घडी जात नाही. सुरकुती काढायला इस्त्री तर मुळीच नको, प्लास्टिक आकसतं. टाचणी किंवा स्टेपल लावू नका. एरवी नोट फाटत नाही, पण कडेला बारीक चीर पडली की तिथून सरळ फाटत जाते. पीव्हीसीचे कप्पे कालांतराने चिकट होतात, म्हणून पॉलिप्रॉपिलीनचेच घ्या. पाचाची नोट १३५ × ६६ मिलिमीटर, आणि पुढची प्रत्येक ५ मिलिमीटर लांब, २ मिलिमीटर उंच. शंभराची १५५ × ७४ भरते, त्या मापाचे कप्पे आणलेत की पाचही नोटांना चालतील.

काकूंना नमस्कार.

तुमचा,
सतीश