हृदयाबरोबर फुप्फुसेही तपासा

खान्देशात हृदयतपासणी शिबिरे वाढवावीत, ही आपल्या अंकातील लेखात केलेली मागणी रास्त आहे. पण हृदयरुग्णाच्या फुप्फुसांचा त्यात उल्लेखही नाही. चार पायऱ्या चढताच लागणारी धाप हृदय दुबळे झाल्याने असू शकते, तशीच सीओपीडी या श्वासनलिकांच्या जुनाट आजारानेही. अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाच्या प्रत्येक धापेचे खापर मात्र हृदयावरच फुटते. तंबाखूचा धूर दोन्ही आजारांच्या मुळाशी असल्याने ते अनेकदा एकत्रच आढळतात.

बिडीला कधी हात न लावलेल्या बायकांची मला अधिक काळजी वाटते. कपाशीच्या काड्या, तुराट्या, गोवऱ्या घालून पेटवलेल्या चुलीपुढे, खिडकी नसलेल्या खोलीत त्यांनी उभा जन्म भाकरी थापल्या. चुलीच्या धुरानेही सीओपीडी होतो, पण त्यांचा खोकला घरात कोणी मोजतच नाही.

ईसीजी किंवा टूडी एको या हृदयाच्या तपासण्यांनी सीओपीडीचे निदान होत नाही. त्यासाठी स्पायरोमेट्री ही फुप्फुसांची तपासणी लागते. रुग्ण नळीत जोराने फुंकतो. श्वासनलिका रुंदावणारे औषध दिल्यानंतरही एकूण सोडलेल्या हवेपैकी पहिल्या सेकंदात 70 टक्क्यांहून कमी बाहेर पडली, तर श्वासमार्गात अडथळा आहे. निदान झाले म्हणून हृदयाची औषधे सुटतील, ही भीतीही अनाठायी आहे. मेटोप्रोलोल, बिसोप्रोलोल यांसारख्या गोळ्या सीओपीडीच्या बहुतेक रुग्णांना चालतात.

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या जिल्हा आरोग्य यंत्रणेने धाप लागणाऱ्या प्रत्येक हृदयरुग्णाची स्पायरोमेट्री शिबिरातच करावी.

– एक वाचक, अमळनेर