आप्पा, तुमची वाटी अजून माझ्याकडेच आहे

आप्पा, सप्रेम नमस्कार.

समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही "त्यात काय व माय" म्हणता आणि सूनबाईंना चहा टाकायला सांगता. म्हणून हे पत्र लिहिते आहे, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. आपल्या अमळनेरात, धुळ्यात, चोपड्यात, शहाद्यात, घरोघरी बाया मशीनवर बसतात. त्या दिवशी तुम्ही मला जे दाखवलं ते त्यांनाही कळावं असं फार वाटतं.

अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, चार दिवसांवर आली होती. सुरतेला राहणारी एक ताई माहेरपणाला येणार होती आणि परत जाताना तिला गोधडी न्यायची होती. गोधडी तिच्या आईच्या लुगड्यांची. आई गेल्या वर्षी गेली. पाच लुगडी तिने माझ्याकडे पिशवीतून दिली तेव्हा त्यांना अजून कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास होता. दोन महिने मी दुपारच्या वेळी त्यावर धावदोरा घालत होते. शेवटच्या काठाचं काम राहिलं होतं.

माझा भाचा सुट्टीला आलेला, पाच वर्षांचा. पार्सलवर पत्ता लिहायचा काळा परमनंट मार्कर मी टेबलावरच ठेवला, ही चूक माझी. मी दूध घ्यायला खाली गेले. वर आले तोवर त्याने सनमायकाच्या टेबलावर रेल्वे काढली होती. ती रेल्वे हिरव्या कटिंग मॅटवरून, प्लॅस्टिकच्या पारदर्शक पट्टीवरून, माझ्या आईच्या काळ्या मशीनच्या अंगावरून जाऊन थेट गोधडीच्या कोपऱ्यावर थांबली होती. त्याला रागावले नाही. तो इतक्या आनंदाने दाखवत होता.

पण हात थरथरत होते, आणि थरथरत्या हाताने मी पहिला उद्योग केला तो नेलपॉलिश रिमूव्हरचा. पट्टी पुसली. शाई गेली, तिच्याबरोबर पट्टीवरचे आकडेही गेले, आणि काचेसारखी स्वच्छ पट्टी पांढुरकी, खरबरीत झाली. मग गोधडीवर पाणी लावलं, साबण घासला. डाग हलला नाही. वाटलं, ओलं झालंय तर इस्त्रीने वाळवून बघू. इस्त्री तापत ठेवली होती आणि रिमूव्हरची बाटली मशीनजवळ उघडी होती, नेमके तेव्हा तुम्ही जिन्यात आलात. सदरा बटण लावायला आणला होतात.

"काय व्हयनं व माय?" एवढंच विचारलंत. मग माझ्याकडे न बघता आधी इस्त्रीचं बटण बंद केलंत आणि बाटलीला झाकण लावलंत. त्या दोन गोष्टींनी काय काय वाचलं ते मला नंतर कळलं.

तुम्ही कॉलेजच्या प्रयोगशाळेत आयुष्य काढलंत हे ठाऊक होतं, पण ते ज्ञान माझ्या शिवणाच्या टेबलावर येईल असं कधी वाटलं नव्हतं. खुर्चीवर बसून तुम्ही सांगितलंत की या शाईत तीन गोष्टी असतात: रंग, तो धरून ठेवणारी राळेसारखी चिकट वस्तू, आणि दोन्ही पातळ ठेवणारा द्रव. द्रव उडून गेला की रंग आणि राळ मागे राहतात. ती राळ पाण्यात विरघळत नाही, म्हणून साबण-पाणी नुसतं वरून वाहून जातं. अल्कोहोलमध्ये मात्र ती पुन्हा सैल होते. आणि उष्णता दिली की डाग कापडात आणखी बसतो. एवढं ऐकल्यावर इस्त्रीकडे बघून माझ्या पोटात गोळा आला.

मग तुम्ही विचारलेला प्रश्न मी आता क्लासच्या मुलींना पहिल्याच दिवशी विचारते. डाग कशाचा आहे ते समजलं, पण तो पडलाय कशावर? सनमायका वेगळं, मॅट वेगळी, लोखंड वेगळं, सुती कापड वेगळं. मी सगळ्यांना एकच बाटली लावायला निघाले होते. रिमूव्हरमधलं अॅसिटोन पट्टीचं अॅक्रिलिक विरघळवतं, मशीनच्या काही प्लॅस्टिकच्या भागांनाही ते खातं. अॅक्रिलिकवर तर अल्कोहोलही जपून, कारण बारीक तडे जातात. पट्टीचं काही करता येणार नाही, असं तुम्ही स्पष्ट सांगितलंत. ती मी ठेवून दिली आहे, नवशिक्या मुलींना दाखवायला.

टेबल तुम्ही पाच मिनिटांत मोकळं केलंत. पांढऱ्या फळ्यावर लिहायचा मार्कर मागवलात, भाच्याच्या रेल्वेवरून तोच गिरवलात आणि ओला असतानाच कोरड्या फडक्याने पुसलात. खालची काळी रेघ वरच्या शाईबरोबर निघून आली. फळ्याच्या शाईतला द्रव जुनी रेघ सैल करतो, आणि तिच्यात पृष्ठभागाला चिकटू न देणारा पदार्थ असतो, म्हणून दोन्ही एकत्र पुसल्या जातात. वाळू द्यायचं नाही, एवढंच. भाच्याला हे जादूसारखं वाटलं आणि त्याने उरलेले दोन डबे स्वतः पुसले. सनमायकासारख्या गुळगुळीत जागीच हे चालतं, कच्च्या लाकडात शाई आत मुरते, हेही तुम्ही बजावलंत.

मॅटसाठी तुम्ही मुलाला मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात पाठवलंत, कारण सर्किट पुसायला ते आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात. मेडिकलमधलं स्पिरिट चाललं असतं, पण काही स्पिरिटमध्ये एरंडेल तेल असतं आणि कापडावर त्याचा वेगळाच तेलकट डाग पडतो. हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. सॅनिटायझरही अडीनडीला चालतो, मात्र त्यात ग्लिसरीन आणि वास असतो, म्हणून नंतर धुवावं लागतं.

बाटली उघडायच्या आधी तुम्ही शेजारच्या खोलीत देवापुढचा दिवा विझवायला सांगितलात. मला क्षणभर संकोच वाटला. तुम्ही म्हणालात, देव समजून घेईल, याची वाफ समजून घेणार नाही. खिडक्या उघडल्यात, गॅस बंद आहे का ते स्वतः जाऊन बघितलंत. बाहेर पारा ४३ अंशांवर होता, अल्कोहोल हातातल्या हातात उडत होतं, म्हणून थोडं थोडंच घ्यायचं ठरलं. तुमच्या घरून आणलेल्या स्टीलच्या लहान वाटीत.

मॅटच्या एका कोपऱ्यात कापूस टेकवलात आणि मला दाखवलात. त्यावर किंचित पिवळं आलं होतं. मॅटवरच्या मापाच्या रेघांचा तो रंग. म्हणून आम्ही रेघा सोडून मधल्या जागाच पुसल्या, घासायचं नाही, टेकवायचं आणि उचलायचं. मग साध्या गार पाण्याने धुतली आणि सावलीत, सपाट ठेवली. उन्हात किंवा गरम पाण्यात मॅट वाकडी होते आणि मग कापणी कधीच सरळ येत नाही. आपल्याकडे वैशाखात गच्चीवर वस्तू वाळत टाकायची सवय हाताला असते, म्हणून हे दोनदा सांगितलंत.

आता मशीन. या भागासाठी मी तुमची सगळ्यात जास्त ऋणी आहे, आप्पा.

आईचं ते मशीन लोखंडी, काळं, अंगावर सोनेरी वेलबुट्टी. मॅट निघाली म्हणून मी तोच कापूस घेऊन मशीनकडे वळले. तुम्ही माझं मनगट धरलंत. इतक्या वर्षांत तुम्ही मला हाताला धरून कधी थांबवलं नव्हतं. "थांब व माय. पहिले कोपरामा देख." मशीनच्या मागच्या बाजूला, खाली, कुणाला दिसणार नाही अशा जागी कापसाचं टोक टेकवलंत. कापसावर तपकिरी आलं आणि तेवढ्या जागेची चकाकी गेली. सुतार चपडी लाख स्पिरिटमध्येच विरघळवून पॉलिश करतात ना, असं तुम्ही विचारलंत. मी हो म्हटलं. जुन्या काळ्या मशीनवरची चकाकी बहुतेक वेळा त्याच लाखेची असते. म्हणजे मी डाग काढताना आईच्या मशीनची झळाळी आणि ती सोनेरी फुलंही पुसून टाकली असती.

मशीनला आपण फक्त मशीनचं तेल लावलं. कापसाने, हलक्या हाताने, अर्धा तास. रेल्वेची रेघ फिकी झाली, पण एका फुलावरून जाणारा तुकडा राहिला. तुम्ही म्हणालात, हा राहू दे, हा काढायला गेलो तर फूल जाईल. तो तुकडा अजून आहे.

गोधडीकडे आपण संध्याकाळी वळलो. तुम्ही उलटीपालटी करून पाहिलीत आणि विचारलंत, हा थर बाकीच्यांपासून सुटा करता येईल का? तसाच द्रव टाकला तर शाई खालच्या थरांत उतरेल. मी हातभर धावदोरा उसवला. दोन महिन्यांचं काम उसवताना कसंतरीच वाटत होतं, पण तुम्ही शांतपणे दोरा गुंडाळून ठेवत होतात, जणू तो पुन्हा लागणारच होता. त्या लुगड्याची एक चिंधी उरली होती, तिच्यावर आधी पाहिलं. अंगाचा मोतिया रंग टिकला, पण काठाचा लाल लगेच कापसावर उतरला. म्हणजे काठापासून दोन बोटं अंतर ठेवायचं.

डागाची बाजू खाली, त्याखाली पांढऱ्या धोतराच्या घड्या, आणि वरून, म्हणजे उलट्या बाजूने, कापूस टेकवायचा. कडेकडून मध्याकडे, नाहीतर डाग पसरतो. शाई वरून खाली धोतरात उतरायची. प्रत्येक वेळी धोतराची कोरी जागा पुढे सरकवायची, नाहीतर तीच शाई परत वर चढते. काळा डाग आधी जांभळट झाला, मग करडा. मोजलं नाही, पण धोतराची सगळी घडी ठिपक्यांनी भरली होती. मग लगेच गार पाणी आणि साबण, पुन्हा कापूस, पुन्हा पाणी. सावलीत वाळवलं. रात्री नऊला तुम्ही चष्मा वर सरकवून म्हणालात, "एवढंच जाईल. सावली राहील."

दुसऱ्या कोणी मला बरं वाटावं म्हणून "कळतच नाही आता" म्हटलं असतं. तुम्ही म्हटलं नाही. उलट त्या ताईला आधी सांग, मग दाखव, असं सांगितलंत. मी त्याच रात्री फोन केला.

ती अखाजीच्या आदल्या दिवशी आली. उसवलेला कोपरा तिने मांडीवर घेतला, फिकट करडी सावली बोटाने चाचपली. मी पैसे घेणार नाही म्हटलं. ती काही बोलली नाही, मग पिशवीतून त्याच लुगड्याची पदराची उरलेली चिंधी काढून म्हणाली, हिचं ठिगळ इथे लाव, आई असंच करायची. मी तिच्यासमोर बसून ते ठिगळ लावलं आणि तुम्ही गुंडाळून ठेवलेल्या दोऱ्यानेच कोपरा परत शिवला. पैसे तिने पूर्ण दिले. रविवारी सकाळच्या सुरत गाडीने गोधडी गेली.

त्यानंतर माझ्याकडे थोडं बदललं आहे. पत्ते लिहायचा मार्कर आता दुसऱ्या खोलीत, उंच फळीवर असतो. कापडावर खडूच, आणि पाण्याने जाणारा निळा पेन वापरलाच तर तो धुतल्याशिवाय इस्त्री नाही, कारण उष्णतेने तोही पक्का बसतो. क्लासच्या प्रत्येक मुलीच्या डब्यात उरलेल्या कापडाची एक चिंधी असते, आधी तिच्यावर पाहायला.

तुम्ही त्या दिवशी दुपारी दोनपासून रात्री नऊपर्यंत माझ्याकडे होतात. सत्तरी ओलांडलेला माणूस, भर उन्हाळ्यात, पंखासुद्धा हळू ठेवून. सदऱ्याचं बटण त्या दिवशी राहूनच गेलं. ते मी लावून ठेवलं आहे, बाकीची सैल झालेली तीनही पक्की केली आहेत.

आणि तुमची स्टीलची वाटी. आधी साबणाने, मग राखेने घासून ठेवली, वास पूर्ण गेलाय. रिकामी वाटी परत देत नाहीत, म्हणून उद्या सांजोऱ्या करते आहे. सदरा आणि वाटी घेऊन संध्याकाळी येते. सूनबाईंना चहा टाकायला सांगा.

तुमची,
वरच्या मजल्यावरची शिवणवाली