चि. रेवास, सात भयपटांच्या रात्रीआधी

चि. रेवा,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू एवढंच म्हणालीस की पहाटेपर्यंत हेडफोन लावून बघितलं, कानात थोडी शिट्टी वाजत होती, आता गेली. आणि लगेच पुढच्या शनिवारच्या सात सिनेमांच्या रात्रीबद्दल सांगायला लागलीस. त्या शिट्टीचा विषय मी काढणार नाही असं कबूल केलंय. बाबाही म्हणाले, तिला तिच्या आवडीबद्दल लिही. म्हणून हे पत्र तयारीचं आहे.

यादी पाहिली. निवड चांगली आहे, क्रम मात्र बदल. सगळ्यात संथ सिनेमा तू रात्री दोन वाजता ठेवला आहेस. संथ भयपटात प्रेक्षकाने चौकटीचे कोपरे स्वतः शोधायचे असतात, मागच्या दारातून कोणी डोकावतंय का ते बघायचं असतं. दोन वाजता तेवढं लक्ष कोणाकडेच उरत नाही. निम्मी मंडळी झोपतात आणि जागी असलेली म्हणतात, काही घडतच नाही. तो पहिला लाव, सगळे ताजे असताना, फोन बाजूला ठेवायला लावून. खुनी मागे लागतो तसले सिनेमे मध्यरात्रीनंतर ठेव, त्यांत दर थोड्या वेळाने काहीतरी घडत राहतं आणि डुलकी लागली तरी धागा सुटत नाही. शेवटचा विनोदी भयपट. 1942चा 'कॅट पीपल' तिसरा घे. तो 73 मिनिटांचाच आहे, त्यामुळे उशीर झाला असेल तर वेळ भरून निघतो.

त्यातला रस्त्याचा प्रसंग नव्या मुलांना नीट ऐकायला सांग. एक बाई रात्री एकटी चालली आहे, मागे दुसरी. संगीत नाही. फक्त टाचांचे आवाज, एक लय पुढची, एक मागची. मग मागची लय थांबते. पुढची बाई घाबरून भरभर चालायला लागते, आपणही तिच्याबरोबर कान टवकारतो, आणि कडेने फुस्स करत बस येऊन उभी राहते. संपूर्ण प्रसंगात भूत नाही, रक्त नाही. निर्माता व्हॅल लूटन, म्हणून अशा फसव्या दचक्याला आजही 'लूटन बस' म्हणतात. त्या बसचा आवाज मोजलास तर फार मोठा भरणार नाही. तो मोठा वाटतो, कारण त्याआधी आपल्याला टाचांशिवाय काही ऐकवलेलं नसतं.

तू भीतीचे आवाज रेकॉर्ड करून पाठवलेली ती दीड मिनिटांची फाइल याच कारणासाठी पुन्हा पुन्हा ऐकली. झांजेच्या कडेवर चेलोचा गज ओढून काढलेला तो किंकाळीसारखा आवाज तुझा तू शोधलास याचा मला फार अभिमान वाटला, दादालाही ऐकवला. एकच सांगते. दार उघडण्याआधी तू सगळे ट्रॅक शून्यावर नेले आहेस. तिथे शांतता वाटत नाही, फाइल बिघडली की काय असं वाटतं. रिकाम्या खोलीलाही स्वतःचा आवाज असतो. त्या खोलीत कोणी न बोलता मिनिटभर रेकॉर्ड करून ठेव आणि तो रूम टोन खाली चालू राहू दे. मग त्यातून एकेक काढ: आधी रातकिडे, मग पंखा, मग घड्याळ. ऐकणाऱ्याला काय गेलं ते कळत नाही, पण अंग आखडतं. आणि शेवटचा दणका तू आणखी चढवायचा म्हणतेस तो चढवू नकोस. आधीचं सहा डेसिबल खाली आण, तोच दणका जास्त जोरात लागेल. हाड मोडल्याचा आवाज छान जमलाय. सेलरीचे दांडे ओल्या फडक्यात गुंडाळून मोडलेस तर वर मांसाचा ओलावाही येईल.

आता आवाजाच्या बटणाबद्दल. (हे तयारीतच येतं.) बहुतेक जण पहिला संवाद नीट ऐकू येईपर्यंत आवाज वाढवतात. भयपटात ही पद्धत हमखास उलटते, कारण पहिला संवाद मुद्दाम हळू ठेवलेला असतो. सिनेमागृहात पडद्यामागच्या प्रत्येक चॅनेलची पातळी चाचणीच्या आवाजावर 85 डेसिबलला लावतात आणि वर 20 डेसिबलची मोकळीक ठेवतात. म्हणजे एका चॅनेलचा धक्का 105पर्यंत जाऊ शकतो, खर्जाच्या वेगळ्या चॅनेलचा 115पर्यंत. बरेचदा तेच मिश्रण घरी येतं. कुजबुज ऐकू यावी म्हणून तू आवाज चढवतेस आणि पाचव्या मिनिटाला धक्का त्याच चढवलेल्या पातळीवर कानात आदळतो.

म्हणून उलटं कर. सिनेमा लावण्याआधी त्यातला सगळ्यात मोठा प्रसंग काढ, तिथे दचकायला होईल पण शेजारच्याशी बोलायला ओरडावं लागणार नाही एवढा आवाज लाव, आणि मग बटणाला हात लावू नकोस. कुजबुज कळली नाही तर सबटायटल लाव. त्यातही फक्त संवादांचं निवड. आवाजांची वर्णनं देणारं घेतलंस तर 'दार करकरतं' हे दार करकरण्याआधीच वाचलं जातं आणि सगळी मजा जाते. स्टिरिओ ट्रॅक उपलब्ध असेल तर तो घे, कारण 5.1चा, म्हणजे सहा चॅनेलांचा, ट्रॅक दोन स्पीकरांत कोंबला की मधल्या चॅनेलमधले संवाद मागे पडतात. सबवूफर, म्हणजे खर्जाचा स्पीकर, कोपऱ्यात ठेवू नकोस, तिथे तो घुमतो आणि पुन्हा संवादच बुडतात. टीव्हीचं मोशन स्मूदिंग (हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारी सोय) बंद कर, पडद्यामागे एक मंद दिवा ठेव, डोळे कमी थकतात. चित्राचं एवढंच.

हेडफोनला हेच सगळं जास्त लागू होतं. तू एकटी असतेस तेव्हा नाइट मोड लाव, तो मोठे आवाज दाबतो आणि बारीक उचलतो. धक्का थोडा बोथट होतो हे मान्य. पण तुझी रूममेट झोपलेली असते, बाहेर पंखा आणि रस्ता चालू असतो, आणि त्यावर मात करायला तू आवाज वाढवतेस. कान पूर्ण झाकणारे हेडफोन घे, बाहेरचं आत आलं नाही की आतलं वाढवावं लागत नाही. काही फोनच्या सेटिंगमध्ये हेडफोनच्या आवाजाला डेसिबलमध्ये मर्यादा घालता येते, ती 80वर ठेव. खोलीतल्या स्पीकरचा आवाज मोजायला फोनमधलं मीटर अंदाजापुरतं चालतं, हेडफोनचा त्याने मोजता येत नाही.

हिशेब सांगते आणि थांबते. अमेरिकेतली नायॉश ही कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी संस्था 85 डेसिबलला दिवसाचे आठ तास ही मर्यादा धरते. त्यावर दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. 88ला चार तास, 91ला दोन, 94ला एक, 100ला फक्त 15 मिनिटं. तुझे सात सिनेमे पावणेदोन तासांचे धरले तर सव्वाबारा तास होतात. 85वरसुद्धा ते दीडपटीहून थोडं जास्त झालं. जागतिक आरोग्य संघटना हेडफोनसाठी आठवड्याला 80 डेसिबलचे 40 तास म्हणते, त्यात तुझी रात्र बसते आणि आठवडाही उरतो. प्रत्येक सिनेमानंतर 15 मिनिटं दिवे लावून, खिडकी उघडून काढा. त्या वेळात गाणी नकोत.

व्याख्यान झालं, माफ कर. तुझ्या रात्रीची मजा घालवायची नाही मला. पण कानाच्या आत तो धोका असा असतो की आपण सावध होईपर्यंत तो होऊन गेलेला असतो. मोठा आवाज आला की मधल्या कानातला एक इवलासा स्नायू आवळतो आणि थोडं संरक्षण देतो. त्याला आवळायला सेकंदाच्या काही शतांशांपासून दशांशापर्यंत वेळ लागतो. सततच्या गोंगाटात तो उपयोगी पडतो, पण भयपटातला दचका त्याच्या आधीच आत पोचतो. आतल्या कानात जन्मतः साधारण 15 ते 16 हजार केसपेशी असतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत.

शिट्टी गेली म्हणजे सगळं जागेवर आलं असंही नाही. 2009 साली शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांना दोन तास मोठा आवाज ऐकवला. पुढे त्यांच्या चाचण्या पूर्ववत झाल्या, ऐकू येत होतं. पण केसपेशी आणि मज्जातंतू यांच्यामधले बरेच जोड कायमचे गेलेले निघाले. उंदराचं जसंच्या तसं माणसाला लावत नाही मी. पुन्हा वाजली तर निदान एक पूर्ण दिवस हेडफोन बाजूला ठेव, एवढंच. एका कानाने अचानक कमी ऐकू आलं तर मात्र झोपून उठून बघू असं करू नकोस, त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. त्यावरचे उपचार जितके लवकर तितके लागू पडतात.

आजोबा शेवटी शेवटी आपल्या गप्पांत नुसती मान हलवायचे, तुला आठवत असेल. त्यांना आवाज यायचा, शब्द कळायचे नाहीत. मोठ्या आवाजाने आधी वरच्या पट्टीतलं ऐकू येणं जातं, आणि स, श, थ, फ हे तिथेच असतात. कुजबुजीचाही बराच भाग त्याच पट्टीत. रेवा, तुझे सिनेमे ज्यावर उभे आहेत तेच आधी जातं गं. किंकाळी शेवटपर्यंत ऐकू येईल. भिंतीपलीकडून कोणी नाव घेतल्यासारखं वाटलं, ते ऐकू येणार नाही.

आणि मोठा आवाज भीतीला लागतोच असं कुठे आहे? 'महल'मधलं, 1949चं, 'आएगा आनेवाला' हे गाणं आठव. ती येते आहे असं वाटावं म्हणून लताबाईंना मायक्रोफोनपासून दूर उभं केलं होतं, गात गात त्या जवळ आल्या. 'सायको'ला बर्नार्ड हरमन यांनी फक्त तंतुवाद्यं वापरली. हिचकॉकना न्हाणीघरातल्या प्रसंगात संगीत नको होतं, हरमननी लिहिलं, आणि आज तो प्रसंग त्या संगीताशिवाय डोळ्यांसमोर येत नाही. 'हॅलोविन'ची धून दिग्दर्शक जॉन कार्पेंटर यांनी स्वतः केली, पाच मात्रांची. बोटांवर मोजून बघ. कानाला चाराची सवय, त्यामुळे दर वेळी एक मात्रा जास्तीची येते आणि पाऊल चुकल्यासारखं होतं. अगदी हळू लावली तरी चुकतं.

तू पुढच्या महिन्यात डूम मेटलच्या (संथ, जड रॉक संगीताच्या) कार्यक्रमाला जाणार आहेस त्यातही हेच. ब्लॅक सॅबथच्या 1970च्या पहिल्या अल्बममध्ये त्यांच्याच नावाचं गाणं आहे, त्यातली भीती सा आणि तीव्र मध्यमाच्या अंतरात आहे आणि त्या संथ चालीत आहे. स्पीकरच्या भिंतीपुढे उभी राहू नकोस, मागे ध्वनिमिश्रणाच्या टेबलाजवळ उभी राहा, सगळ्यात नीट तिथेच ऐकू येतं. वादक वापरतात ते इअरप्लग घे, सगळ्या पट्ट्या सारख्या खाली आणणारे, 15 ते 20 डेसिबलचे. फोमचेच मिळाले तर नुसते कानात खुपसू नकोस, निम्मंही काम करत नाहीत. बोटांत लाटून अगदी बारीक कर, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढ, आत सरकव, आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेव. स्वतःचं बोलणं घुमल्यासारखं वाटलं की बसला.

शनिवारी कोणाला काय आवडलं ते कळव. झांजेची नवी फाइल केलीस तर तीही पाठव, कच्ची असली तरी.

तुझी,
आई

ता. क. चिन्मय येणार असेल तर त्याला कडेला, दाराजवळ बसव. रक्त बघून तो मागेही कोसळला होता. पांढरा पडला, घाम आला, जांभया द्यायला लागला की उभं करू नका, तिथेच आडवं करून पाय उंच ठेवा. आणि लखलखणारे दिवे असलेला सिनेमा कुठला ते सगळ्यांना आधीच सांग. कोणाला फिट्स येत असतील तर तो माणूस स्वतःहून बोलणार नाही.